दमेकरी बाळंतिणीचा ताण आधी तिच्या श्वासात शोधा: बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव
उपसंचालक, महिला व बाल विकास खाते, बेळगाव
मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा पंचायत, बेळगाव

विषय: दमा असलेल्या बाळंतिणींच्या श्वासाची आणि मनाची विचारपूस बाळाच्या घरभेटीतच व्हावी याबाबत.

महोदय, महोदया,

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जाते. बाळाचे वजन, ताप, नाळ, दूध ओढण्याची ताकद ती पाहते. आईला रक्तस्राव किती, ताप आहे का, टाके कसे आहेत, हेही विचारते. हे काम आपल्या जिल्ह्यात गावोगाव चालते आणि त्याने बाळे वाचतात. पण घरातली आई दमेकरी असेल, तर रात्री धाप लागते का, पंप (इनहेलर) किती वेळा ओढावा लागतो, औषध चालू आहे की बंद केले, हे त्या सहा भेटींत सहसा कोणी विचारत नाही. माता-बाल कार्डावर आधीच्या आजारांत दम्याची खूण करता येते. खूण झाल्यावर पुढे कोणी काय करायचे, ते मात्र ठरलेले नाही.

दुसरीकडे असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यात दमाही आला. मात्र गावपातळीवरची तपासणी तिशीपासून पुढच्यांची होते. आपल्याकडची पहिलटकरीण बहुतेक वेळा विशीतली असते. म्हणजे एका कार्यक्रमात ती फक्त 'बाळाची आई' आहे आणि दुसऱ्यात ती अजून वयातच बसत नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत जी बाई राहते, तिच्यासाठी हे पत्र आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: दमेकरी बाळंतिणीची चिडचिड, रडू, झोप उडणे, 'मला हे बाळ सांभाळता येणार नाही' ही भीती, यांतला बराच भाग उपाय करता येण्यासारख्या कारणांतून येतो. बंद केलेले औषध, चुकीचे औषध, चुकीच्या पद्धतीने ओढलेला पंप, धुराने भरलेली बाळंतखोली आणि दुधाबद्दलची खोटी भीती ही ती कारणे. ती तशीच ठेवून तिला 'धीर धर' म्हणण्यात अर्थ नाही.

सुरुवात औषध बंद करण्यापासून करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होते. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, एक तृतीयांश बायकांचा कमी होतो आणि उरलेल्यांचा आहे तसाच राहतो. बाळंतपणानंतर तीनेक महिन्यांत तो बहुतेकींच्या बाबतीत मूळच्या पातळीवर येतो. म्हणजे पोटात बाळ असताना जिला बरे वाटत होते आणि म्हणून जिने पंप कपाटात ठेवला, तिचा दमा नेमका या पहिल्या महिन्यांत, रात्रीच्या जागरणात परत येऊ शकतो. त्यातच सासूबाई किंवा शेजारीण सांगते, 'अंगावरचे दूध पाजतेस, औषध बाळाला जाईल.' ती घाबरून पंप लपवते किंवा सोडून देते.

बुडेसोनाइडसारखे श्वासातून घ्यायचे स्टिरॉइड फुप्फुसात थेट जाते. रक्तात थोडे उतरते, दुधात त्याहून कितीतरी कमी. बाळाला मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या एक टक्क्याइतकीही नसते. साल्ब्युटामॉलचा, म्हणजे तात्पुरत्या आरामाचा, पंपही दूध पाजताना चालतो. अटॅक आल्यावर डॉक्टरांनी पाच-सात दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिल्या तरी दूध तोडायचे कारण नाही. मात्रा मोठी असेल तर गोळी घेतल्यावर चार तासांनी पाजावे, एवढीच काळजी पुरते. दमा दुधातून बाळाला लागत नाही. ॲलर्जीचा कल आईवडिलांकडून येऊ शकतो, पण तो दूध पाजून वाढत नाही. उलट अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळांत घरघरीचे त्रास कमी दिसतात. हे चार शब्द आशाताईने सासूसमोर, घरच्या सगळ्यांसमोर बोलायला हवेत. आईला एकटीला बाजूला घेऊन सांगितले तर घरात तिचे कोणी ऐकत नाही.

आता चुकीच्या औषधांकडे. खेड्यापाड्यांत धाप लागली की सुई मारून घेण्याची सवय आहे. एटोफायलिन-थिओफिलिन आणि डेक्सामेथासोन असे ते मिश्रण असते. दोन दिवस छाती मोकळी होते आणि पुन्हा तेच. श्वासनलिकेतली मूळची सूज रोज ओढायच्या स्टिरॉइड पंपाने आटोक्यात राहते. अधूनमधूनच्या सुईने ती राहत नाही. वारंवार पोटात किंवा सुईने स्टिरॉइड गेले की झोप उडते, मन सैरभैर होते, रडू आणि चिडचिड वाढते. घरचे म्हणतात, बाळंतवारा झाला. थिओफिलिनची मात्रा जास्त झाली तर आईला मळमळ आणि धडधड होते, आणि दुधातून बाळ किरकिर करते, झोपत नाही. मग त्या किरकिरीने आई आणखी खचते.

माँटेलुकास्टबद्दल वेगळे सांगावे लागेल. ही गोळी आपल्याकडे सर्दीपासून दम्यापर्यंत सर्रास लिहिली जाते. अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: उदासी, वाईट स्वप्ने, बेचैनी, जीव द्यायचे विचार येऊ शकतात. सगळ्यांना तसे होत नाही. पण बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत जिचे मन आधीच नाजूक आहे, तिला ही गोळी चालू असेल आणि ती उदास दिसत असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न त्या गोळीचा विचारावा. आमच्या मते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही गोष्ट लेखी कळवली जायला हवी.

तसेच बाळंतपणाच्या वेळी. रक्तदाब वाढला म्हणून लॅबेटॅलॉल दिले जाते. दमेकरी बाईला ते टाळावे, निफेडिपिनसारखा पर्याय आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला कार्बोप्रोस्ट वापरतात. त्याने श्वासनलिका आवळतात, दम्यात ते टाळतात, आणि ऑक्सिटोसिन व मिसोप्रोस्टॉल उपलब्ध असतात. टाक्यांच्या वेदनेसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिले जाते. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन आणि या जातीच्या गोळ्यांनी जोरदार अटॅक येतो. तिला आधी कधी तसे झाले का, हे विचारल्याशिवाय देऊ नये. पॅरासिटामॉल बहुतेकींना चालते. हे सगळे डॉक्टरांना ठाऊक असते, पण रात्री दोन वाजता, कार्ड हातात आल्यावर, दम्याची खूण दिसलीच नाही तर ठाऊक असून उपयोग काय? म्हणून आमची मागणी साधी आहे. थायी कार्डाच्या, म्हणजे माता-बाल कार्डाच्या, पहिल्या पानावर लाल शाईचा शिक्का असावा: 'दमा', त्याखाली रोजच्या पंपाचे नाव आणि मात्रा, आणि 'या गोळ्यांनी त्रास होतो' अशी एक ओळ. शिक्का बनवायला किती खर्च येतो, हे आपल्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पंप कसा ओढायचा हे शिकवण्याचे काम कोणाचे, हे स्पष्ट नसल्याने ते कोणीच नीट करत नाही. फवाऱ्याचा पंप असेल तर टोपण काढून हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरच्या (पंपाला जोडायच्या पोकळ नळीच्या) तोंडाशी ओठ घट्ट मिटायचे, एकच फवारा मारायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि दहा आकड्यांपर्यंत रोखायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. दोन फवारे एकदम मारले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटते. स्टिरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंड येते. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणाच्या पाण्यात बुचकळून, न पुसता, उभा करून वाळवायचा. फडक्याने पुसला तर आतल्या बाजूला स्थिर वीज तयार होते आणि औषध तिथेच धरून राहते. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरची थंड पेयाची प्लास्टिक बाटली चालते. तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडायचे, पंप घट्ट बसवायचा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्यायचा. असा घरगुती स्पेसर चांगले काम देतो, हे तपासून सिद्ध झालेले आहे.

कॅप्सूल टाकून ओढायचे यंत्र वेगळे. त्यात श्वास सावकाश चालत नाही, जोराने आणि भर्रकन ओढावा लागतो, तेव्हाच भुकटी उडते. इथे दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे पावसाळ्यातली ओल. कणकुंबी, जांबोटी, लोंढ्याच्या बाजूला जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरात काहीच कोरडे राहत नाही. कॅप्सूलची भुकटी गोळा होते आणि औषध आत जातच नाही, बाईला वाटते औषधच लागू पडत नाही. कॅप्सूल पाकिटातून आयत्या वेळी काढायच्या, हवाबंद डब्यात ठेवायच्या, चुलीजवळच्या किंवा न्हाणीजवळच्या फळीवर नाही. दुसरी म्हणजे जोराचा अटॅक आला की जोराने ओढायची ताकदच उरत नाही. म्हणून कॅप्सूलवर असणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीकडे फवाऱ्याचा पंप आणि स्पेसर हवाच. आणि ही कॅप्सूल गिळायची नाही, हे दरवेळी सांगावे लागते. नवख्या बायका ती पाण्याबरोबर गिळतात.

साल्ब्युटामॉलच्या एका पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षात तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला असतो. दर महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका. आरोग्य केंद्रातल्या औषधनिर्मात्याने वहीत तारीख लिहिली आणि चार महिन्यांच्या आत दुसरा पंप मागितला गेला की डॉक्टरांना चिठ्ठी दिली, एवढ्यावर कितीतरी अटॅक आधीच ओळखता येतील. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवणे बंद करायला सांगितले आहे. सोबत स्टिरॉइड पंप हवाच, किंवा बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकत्र पंप. ही औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहेत. केंद्रात गोळ्या भरपूर आणि पंप संपलेला, असे चित्र दिसते तेव्हा सगळ्यात गरीब बाई सुईवाल्याकडे जाते.

आता बाळंतखोली. या भागातला सव्वा महिना कसा असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. दार-खिडक्या बंद, कारण वारा लागेल. कोपऱ्यात शेगडी. बाळाला आणि आईला न्हाऊ घालून झाल्यावर ओवा, शेपा, वावडिंग, ऊद यांची धुरी. न्हाणीला पाणी तापवायला सकाळ-संध्याकाळ चूल, मग स्वयंपाकाला गॅस असला तरी. पावसाळ्यात शेगडीवर टोपली पालथी घालून दुपटी वाळवायची. हे सारे मायेने होते. आईने पोसलेल्या लेकीला बरे करण्यासाठीच होते. पण दमेकरी बाईच्या फुप्फुसाला धूर तो धूरच, ओव्याचा असो की लाकडाचा. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे याचा धोका दम्यापुरता नाही: त्यातून येणारा कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय मारतो, आईला आणि बाळालाही.

म्हणून आशाताईंच्या तोंडी 'धुरी बंद करा' एवढेच वाक्य देऊ नका. ते ऐकले जाणार नाही. पर्याय द्या. ओवा आणि शेपा खायला द्या, विडा करून द्या, पण जाळू नका. शेक द्यायचा तर तव्यावर गरम केलेल्या फडक्याने किंवा गरम पाण्याच्या पिशवीने, खोलीत निखारा न आणता. न्हाणीच्या चुलीत सुकी लाकडे, आणि चूल पेटवून धूर निघून गेल्यावरच बाळंतिणीला आत बोलवायचे. समोरासमोरच्या दोन खिडक्या दुपारी तासभर उघड्या, त्या वेळी आई-बाळ दुसऱ्या खोलीत. बाळाला पावडर नको. ती भुकटी आईच्याही श्वासात जाते. डासांसाठी अगरबत्तीसारखी कॉइल नको, मच्छरदाणी हवी: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात असे आढळले. दोऱ्या बांधून खोलीत दुपटी वाळवली की भिंतीला बुरशी धरते, म्हणून दोऱ्या पडवीत. जुन्या वाकळी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. पावसाळ्यातल्या बाळंतिणीसाठी हे काम मे महिन्यातच उरकायला हवे.

घराबाहेरचा धूर-धुरळा तालुक्यागणिक वेगळा आहे, आणि जिल्ह्याने काढलेल्या एकाच पत्रकात तो मावत नाही. निपाणीकडे तंबाखूचा खळा आणि वखार, घरोघरी विड्या वळण्याचे काम. तंबाखूची भुकटी ज्या खोलीत असते तिथेच बाळाची झोळी असते. वडगाव, शहापूर, खासबागेत यंत्रमाग घरालाच लागून असतो, सुताची बारीक धूळ अंगणभर. चिकोडी, अथणी, रायबागकडे ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात भाताच्या मळणीचा धुरळा असतो आणि त्याआधी चार महिने ओल. रस्त्याकडेच्या गाजर गवताचे पराग सगळीकडेच. आशाताईला आपल्या गावचा शत्रू कोणता, हे सांगता आले पाहिजे. म्हणजे मळणीच्या आठवड्यात ती बाळंतिणीला औषध वेळेवर घ्यायची आठवण स्वतःहून करेल. पाचट पेटवण्याच्या दिवशी शेजारी बाळंतीण आहे का हे ग्रामपंचायतीने विचारावे, ही मागणी मोठी नाही.

मनाच्या बाजूला येतो. दमा रात्री, विशेषतः पहाटे दोन ते चारच्या सुमारास जास्त उचल खातो, आणि त्याच वेळी बाळ दुधासाठी उठते. जागे झालेली बाई बाळामुळे जागी झाली की घरघरीमुळे, हे तिलाही सांगता येत नाही. खानापूर भागात नवरा बऱ्याचदा लष्करात किंवा गोव्यात कामाला असतो. खोलीत ती आणि म्हातारी सासू, त्यामुळे 'मला अटॅक आला तर बाळाला कोण घेणार' हा प्रश्न रोज रात्री तिच्यासोबत झोपतो. त्यात 'घराण्यात दमा आणलास' हे टोमणे. दमा असलेल्या मातांमध्ये बाळंतपणानंतरचे नैराश्य आणि चिंता जास्त आढळतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. आणि मन खचलेली बाई पंपही वेळेवर घेत नाही, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाली ओढतात.

छातीत धडधड, जीव घाबरणे, श्वास पुरत नाही असे वाटणे: ही तक्रार दम्याची असू शकते, भीतीच्या झटक्याची असू शकते, आणि साल्ब्युटामॉल जास्त ओढल्यानेही धडधड आणि हाताला कंप येतो. ओळखायला स्वस्त साधन आहे, पीक फ्लो मीटर. उभे राहून तीनदा जोराने फुंकायचे, सर्वांत मोठा आकडा धरायचा. बरे असतानाच्या तिच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असेल तर श्वासनलिका फारशा आवळलेल्या नाहीत, शांत बसवून सावकाश श्वास सोडायला सांगावे. ५० टक्क्यांच्या खाली असेल तर तो मोठा अटॅक आहे. प्रत्येक उपकेंद्रात एक मीटर आणि बदलायची कागदी तोंडे असली तरी पुरे.

पण प्रत्येक धाप दम्याची नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवले पाहिजे. बाळंतपणानंतर आडवे पडल्यावर धाप वाढते, पाय सुजतात, थोडे चालले तरी दम लागतो, तर हृदय कमजोर झालेले असू शकते. एकाएकी छातीत कळ, धाप आणि एका पायाला सूज असेल तर फुप्फुसात गुठळी गेलेली असू शकते. रक्त कमी असले तरी दम लागतो, म्हणून हिमोग्लोबिन पाहावे. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकी तपासावी. 'तिला दमा आहेच' म्हणून या बायकांना पंप देऊन घरी पाठवले, तर जीव जातो.

घरभेटीत काय विचारायचे, ते आम्ही असे सुचवतो. दम्याचे चार प्रश्न, मागच्या चार आठवड्यांपुरते: दिवसा धाप-घरघर आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाली का, खोकल्याने किंवा घरघरीने रात्री जाग आली का, बाळाच्या रडण्याने नव्हे, तात्पुरत्या आरामाचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का, दम्यामुळे बाळाला उचलणे, न्हाऊ घालणे, पाणी भरणे राहून गेले का. तीन किंवा चारांना 'हो' आले तर दमा आटोक्यात नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे. मग मनाचे दोन प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांचे: बहुतेक दिवस उदास, हताश वाटते का; एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही का. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे नेहमीचे आहे, ते दोन आठवड्यांत निवळते. त्यानंतरही राहिले तर बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्याची दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली सिस्टरने भरून घ्यावी. तिच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराला, होकार आला तर एकूण गुण किती हे न पाहता त्याच दिवशी मानसोपचार. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाईला त्यावर मराठीत बोलता येईल याची खात्री खात्याने करून घ्यावी. हे प्रश्न सासूसमोर विचारू नयेत. बाळाचे वजन करायला सासूने बाळ बाहेर नेले की तेवढी दोन मिनिटे मिळतात. अंगणवाडीत मातृपूर्णा योजनेच्या दुपारच्या जेवणाला येणाऱ्या बाईशी तर आणखी मोकळेपणाने बोलता येते.

अटॅकचा कागद प्रत्येक दमेकरी बाळंतिणीच्या खोलीत भिंतीवर लावलेला असावा, मराठीत आणि कानडीत. त्यात इतकेच: बाळाला उशी नसलेल्या सपाट अंथरुणावर उताणे ठेवा. पुढे थोडे वाकून बसा, आडवे पडू नका. स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार फवारे, एकेक करून. वीस मिनिटांत आराम नाही तर पुन्हा चार, आणि १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत दर वीस मिनिटांनी फवारे चालू ठेवा. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर झाले, ग्लानी येते, बोटाच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली, तर वीस मिनिटे थांबू नका, लगेच निघा. खाली शेजारणीचे नाव आणि फोन, जिने आधीच 'बाळाला मी घेईन' असे कबूल केले आहे. ही शेजारीण ठरवण्याचे काम आशाताईच्या सातव्या दिवसाच्या भेटीत व्हावे. बाईची रात्रीची अर्धी धास्ती त्या एका नावाने कमी होते, असे आमचे ठाम मत आहे. शिवाय रात्रीचे एखादे पाजणे आधी काढून ठेवलेल्या दुधावर, वाटी-चमच्याने, घरातल्या दुसऱ्या कोणी केले तर तिला सलग चार-पाच तास झोप मिळते. झोप हे दम्याचे आणि मनाचे, दोन्हीचे औषध आहे.

सीमेचा प्रश्न राहिला. पहिले बाळंतपण माहेरी. माहेर चंदगड, आजरा, गडहिंग्लज किंवा कागल असेल तर नोंद महाराष्ट्रात, पंप कोल्हापूर-मिरजेच्या डॉक्टरांनी लिहिलेला. तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी आली की इथल्या केंद्रात तिची नोंद नसते, कागद मराठीत, कार्ड वेगळे. कधी फवाऱ्याचा पंप बदलून कॅप्सूल हातात दिली जाते आणि ती कशी ओढायची ते सांगायचे राहून जाते. उलटही होते: इथली लेक तिकडे. आमची विनंती आहे की सीमेपलीकडचे कार्ड आणि चिठ्ठी जशीच्या तशी ग्राह्य धरून त्याच प्रकारचा पंप चालू ठेवावा, बदलावाच लागला तर समोर ओढून दाखवायला लावावे, आणि सासरी परतलेल्या बाळंतिणीकडे आशाताईने सहा भेटींचे दिवस उलटून गेले असले तरी एकदा जावे. तीन, सहा, नऊ महिन्यांच्या बाळाच्या भेटी ठरलेल्याच आहेत. त्यांत हे सहा प्रश्न बसतात.

भिंतीवरच्या कागदाचा आणि सहा प्रश्नांचा मराठी मसुदा या पत्रासोबत जोडला आहे. बिम्सच्या (बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) छातीविकार, स्त्रीरोग आणि मानसोपचार विभागांकडून तो तपासून घ्यावा आणि सोबत कानडी मजकूर छापावा. सुरुवात सगळ्या जिल्ह्यात एकदम करू नये, दोन तालुक्यांत करावी. आम्ही खानापूर आणि निपाणी सुचवतो: एकाकडे ओल आणि लांबचे रस्ते, दुसऱ्याकडे तंबाखूची भुकटी आणि विड्यांची घरे. या दोन ठिकाणी जे टिकेल ते बाकीच्या तालुक्यांत टिकेल. खानापूरच्या केंद्रांत पंप, स्पेसर आणि पीक फ्लो मीटर मे अखेरपर्यंत पोहोचायला हवेत, कारण जूनमध्ये घाटाकडचे रस्ते बंद पडले की औषधाची गाडी आठवडा-आठवडा आत जात नाही.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी तालुक्यांत दमेकरी मातांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, औषधनिर्माते आणि समुपदेशक